हेच निमंत्रण समजावे

एकोणतीस सालच्या वैशाखात सोलापूरच्या शुक्रवार पेठेत एक लग्न लागले. वधूपक्षाने न बोलावलेली एक बाई त्या लग्नाला आली, पंगतीला जेवली आणि दिवेलागणीच्या आत मोटारीने परत गेली. नवरी तिची मुलगी होती.

हे आज आठवायचे कारण सकाळच्या टपालाने आलेली एक लग्नपत्रिका. तिच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकवाची बोटे लागलेली आहेत. पाकीट फोडताच हळदीचा कोरडा, किंचित कडवट वास टेबलावर पसरला. वधूवरांची नावे मी अजून वाचलेली नाहीत. वृत्तपत्रात उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाची नजर आधी मजकुराच्या शेवटाकडे जाते, कारण वरचे सगळे वाचून थकलेला तपासनीस तिथे पोहोचेपर्यंत कंटाळलेला असतो आणि चुका तिथेच राहतात. शेवटी ती ओळ होतीच. अनवधानाने कोणास निमंत्रण पोहोचले नसल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे. ज्याच्या हाती पत्रिका पडली त्याला ही ओळ वाचायचे कारण नाही आणि ज्याच्या हाती पडली नाही तो ती वाचणार नाही. तरी लोक ती छापतात. वर्तमानपत्रात मात्र ती कोणीही वाचू शकतो.

अनवधान हा मोठा सभ्य शब्द आहे. कीर्तनाला उभे राहताना बुवा हात जोडून श्रोत्यांकडे अवधान मागतात. ते न देणे म्हणजे अनवधान. विसरणे निराळे. विसरलेली गोष्ट एकदा मनात येऊन गेलेली असते आणि केव्हातरी परत येऊ शकते. अज्ञानही निराळे, तिथे गोष्ट मनापर्यंत आलेलीच नसते. अनवधानात गोष्ट समोर असते, डोळे उघडे असतात, फक्त मन तिकडे वळवलेले नसते. त्यामुळे या शब्दात दोष असतो आणि दोषी कोणी नसतो. राहून गेले, छापले गेले, घडून आले, अशी कर्त्यावाचूनची वाक्ये त्याच्या मागोमाग येतात. शिवाय तो सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पहारेकऱ्याचा डोळा लागला तर तो गाफील. मागावरचा धागा तुटलेला कामगाराला दिसला नाही तर ती हलगर्जी, आणि त्याची हजेरी कापतात. सुनेच्या हातून दूध उतू गेले तर ती वेंधळी. अनवधान होते ते अध्यक्षांचे, चिटणिसांचे, संपादकांचे. मी ज्या साप्ताहिकात होतो तिथे हा शब्द आठवड्याला एकदा तरी लागे. एका बक्षीस समारंभाच्या वृत्तात एका व्यापाऱ्याचे नाव राहिले. पुढच्या अंकात अनवधानाबद्दल दिलगिरी छापली, त्यात त्यांचे आडनाव चुकले. त्याच्या पुढच्या अंकात पुन्हा दिलगिरी. गृहस्थ तिसऱ्या खेपेला छापखान्यात आले ते पेढे घेऊन. म्हणाले, "तुमच्या चुकांनी जेवढं नाव झालं, तेवढं बक्षीस वाटून झालं नसतं."

लग्नसराईत आमच्या अंकाचे मागचे पान निमंत्रणांनी भरे. लोक मजकूर लिहून आणत, तो शिशाच्या खिळ्यांत जुळवला जाई आणि छापून झाला की जुळणी मोडून खिळे पुन्हा पेटीतल्या आपापल्या घरांत टाकले जात. ही एक ओळ मात्र मोडत नसत. ती दोऱ्याने बांधून खिडकीजवळच्या फळीवर ठेवलेली असे आणि फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत प्रत्येक निमंत्रणाच्या तळाशी आपोआप जाऊन बसे. गिऱ्हाइकाने ती लिहून दिली आहे की नाही, हे कोणी पाहत नसे. तिची आकारणीही होत नसे. बहुतेकांना वाटे की ती निमंत्रणाचाच भाग आहे, जशी वर गणपतीची लहानशी आकृती असते तशी.

वधूपिता आमच्याच गल्लीत राहत. एका गिरणीच्या कचेरीत वरच्या हुद्द्याचे कारकून; टापटिपीचे, हळू बोलणारे, छत्रीच्या मुठीवर स्वतःचे नाव कोरून घेतलेले. घरात दुसरेपणाची बायको, तिच्या दोन मुली आणि ही थोरली, पहिलीची. पहिली बायको वारली, असे ते सांगत. गल्लीतल्या जुन्या माणसांना तसे नाही हे ठाऊक होते, पण कोणी कोणाला आपण होऊन काही सांगत नसे. थोरलीला तर कोणीच काही सांगितले नव्हते. तिचे लग्न बार्शीच्या एका घराण्यात ठरले, ते आई लहानपणीच गेली, सावत्र आईने पोटच्या पोरीसारखी वाढवली, या माहितीवर. बार्शीकर जुन्या वळणाचे होते. टाकलेल्या बाईची मुलगी त्यांनी केली नसती.

पहिली बाई मैंदर्गीला तिच्या भावाकडे होती. भाऊ तिथल्या एका देवळाचा पुजारी. ती मैंदर्गीला कशी गेली, हे मला त्याच भावाकडून लग्नाच्या दिवशी कळले आणि वधूपित्याने पुढे ते कधी नाकारले नाही. मुलगी चार वर्षांची असताना ही तिघे संक्रांतीच्या गड्ड्यावर जत्रेला गेली होती. बाई बांगड्या भरायला बसली. कासार बांगड्या भरतो तेव्हा मनगट त्याच्या मुठीत असते आणि बाईच्या हाताला दुसरे काही धरता येत नाही. तिने मुलीला पदर धरून उभे केले होते. एक हात भरून झाला, दुसरा झाला, उठून पाहते तो पदराला कोणी नाही. मुलगी सापडली ती दिवे लागल्यावर, फुटाणेवाल्याच्या भट्टीजवळ, पोटभर फुटाणे खाऊन झोपलेली. वडील त्या वेळी कासाराच्या दुकानापासून चार पावलांवर कचेरीतल्या एका गृहस्थाशी बोलत उभे होते. मूल त्यांच्यासमोरून गेले असले पाहिजे. भट्टीकडे जायला दुसरी वाट नव्हती. त्यांच्याबद्दल त्या दिवशी किंवा नंतर कोणताच शब्द वापरला गेला नाही. बाईला मात्र घरी येईपर्यंत तीन मिळाले होते, वेंधळी, विसराळू आणि पोटचं पोर विसरणारी. तिला थोडे दिवस माहेरी राहून ये म्हणून पाठवले. नंतर आणायला माणूस गेला नाही. वर्ष उलटल्यावर मूल सांभाळायला घरात कोणीतरी हवे म्हणून यांनी दुसरे लग्न केले. भाऊ दोनदा सोलापूरला येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला ओसरीवर चहा मिळाला आणि मुलगी झोपली आहे असे उत्तर मिळाले.

आमचे साप्ताहिक मैंदर्गीला जाई. देवळाच्या ओट्यावर पुजारी ते मोठ्याने वाचत आणि आठवडाबाजाराला आलेली माणसे ऐकत. त्या वैशाखात मागच्या पानावर त्यांनी मेहुण्याचे नाव वाचले, भाचीचे वाचले आणि तळाची ओळही वाचली. बहीण आतल्या बाजूला फुले निवडत बसली होती. तिने ती ओळ पुन्हा वाचायला सांगितली.

लग्नाच्या सकाळी मांडवाच्या तोंडाशी माझ्या हातात गुलाबदाणी होती आणि वधूपित्याच्या हातात अत्तराची कुपी. शेजाऱ्याकडे अशी कामे येतात. बार्शीचे वऱ्हाड नुकतेच जानवशाहून आले होते, सनईवाला दम खात होता, तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून धुळीने माखलेला एक उंच पुजारी आणि त्याच्यामागे हिरव्या लुगड्यातली एक बाई चालत आली. बाईच्या काखेत एक लहान गाठोडे होते. मैंदर्गीहून अक्कलकोटपर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार, असा त्यांचा प्रवास झाला होता. वधूपित्याने तिला ओळखले. कुपी धरलेला हात तसाच राहिला, पण पलीकडे व्याही उभे असल्याने चेहरा हसराच होता.

"या," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "कोणी बोलावलं तुम्हाला?"

पुजाऱ्यांनी टोपीतून घडी घातलेला कागद काढला. आमचाच अंक होता. "तुमीच की. हितं छापलंय बघा. आग्रहाचं म्हनलंय, अगत्याचं म्हनलंय. आमी आपलं आलो."

"ते सगळ्यांसाठी असतं."

"मग आमी सगळ्यांत न्हाई व्हय?"

वधूपित्याने दोघांना मांडवाच्या कडेला, सतरंज्या रचून ठेवल्या होत्या त्या खोलीच्या दाराशी नेले. मी गुलाबदाणी घेऊन तिथून हाताच्या अंतरावर होतो आणि मला जा असे कोणी म्हटले नाही. ते म्हणाले की मुलीची आई वारली असे सांगून सोयरीक झाली आहे. मुहूर्ताला अजून वेळ आहे. बार्शीकर उठून गेले तर हळद लागलेल्या मुलीला दुसरा नवरा मिळायचा नाही. आता काय ते तुम्ही ठरवा.

बाईने एवढेच विचारले, "तिला बी तसंच सांगितलंय?"

"तिलाही."

"मग मी कोन म्हनून बसू?"

"मैंदर्गीच्या बाई. लांबच्या नात्यातल्या. जास्त बोलायचं नाही."

पुजारी म्हणाले, "चल गं माघारी. ह्येंच्या पंगतीचं पानी नगं आपल्याला."

"आलोय तर जेवून जाऊ की," बाई म्हणाली. "बोलावलंय न्हवं." आणि लुगड्याचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन ती बायकांच्या बाजूला गेली.

मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या. कन्यादानाला वधूपिता आणि घरच्या बाई, म्हणजे त्यांची दुसरी, बसल्या. मैंदर्गीची बाई खांबाला टेकून मागच्या रांगेत उभी होती, हे मी पाहिले. त्यानंतरचे बायकांच्या खोलीतले मला माझ्या पत्नीने सांगितले, त्याच संध्याकाळी, आणि पुढे ज्या दोघी-तिघींना विचारले त्यांनी त्यात फरक केला नाही.

टाकलेली असली तरी बाई सवाष्ण होती. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर कुंकू. सवाष्णीला हळदकुंकवाच्या रांगेतून उठवता येत नाही, म्हणून घरच्या बाईंनी तिला इतरांसारखेच कुंकू लावले. तिने गाठोडे सोडले. त्यात तांदूळ, नारळ आणि जांभळ्या रंगाचा, लाल काठांचा इरकली खण होता. नवरीची ओटी भरायला तिची पाळी आली तेव्हा तिने ती रीतीप्रमाणे भरली. नवरीने वाकून नमस्कार केला. बाईचा हात तिच्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यामुलाच्या आत्याबाईंनी तो पाहिला. या आत्याबाई थट्टेखोर म्हणून बार्शीत प्रसिद्ध होत्या. सकाळपासून त्यांनी वधूपक्षाच्या कढीपासून भटजींच्या पंच्यापर्यंत कशालाही सोडले नव्हते.

"अहो मैंदर्गीकर," त्या म्हणाल्या, "आमच्या सुनेची हनुवटी तुमच्याकडून उसनी आणलीय की काय? कोण तुम्ही तिच्या?"

घरच्या बाईंचे बोट कुंकवाच्या करंड्यात होते, ते तिथेच राहिले. खोलीत गल्लीतल्या पाच-सहाजणी होत्या ज्यांना उत्तर माहीत होते. माझी पत्नी त्यांतली एक. 

"कोन बरं?" बाई म्हणाली. "माज्या काई ध्यानातच राहत न्हाई बघा. लई विसराळू हाय मी. समदी मैंदर्गी हसती मला."

बायका हसल्या. आत्याबाईंना एवढ्याने पुरणार नव्हते. "नातं विसरलात, बरं. नवऱ्याचं नाव तरी आठवतंय का? घ्या बघू उखाण्यात. सवाष्णीला सुटका नाही."

"घ्या, घ्या," इतर जणींनी धरले. यात वधूपक्षाच्या बायकाही होत्या. न धरावे तर आत्याबाईंना दिसले असते. बाईने दोन्ही हातांतल्या बांगड्या मागे सारल्या, पुन्हा पुढे आणल्या. ज्याचे नाव घ्यायचे तो बाहेर व्याह्यांना पानसुपारी देत होता आणि त्याचा आवाज आत येत होता.

"त्ये बी इसरले," ती म्हणाली.

या उत्तरावर खोली एवढी हसली की बाहेर पुरुषांनी माना वळवल्या. नवरीसुद्धा शालूचा पदर तोंडावर धरून हसली. आत्याबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगबाई, ही तर एखाद्या दिवशी पोटचं पोरसुद्धा कुठं विसरून येईल."

"आले की एकदा," बाई म्हणाली.

तोही विनोदच समजला गेला. मग जेवणाची पाने मांडल्याची हाक आली.

पंगतीत तिला दाराजवळचे पान मिळाले. ती सगळे जेवली. मीठदेखील पानात ठेवले नाही. दुपारी उन्हे कलल्यावर वऱ्हाड निघाले तेव्हा नवरी एकेका वडीलधाऱ्या बाईच्या पाया पडत आली. अशा वेळी मुली जे म्हणतात तेच ती प्रत्येकीला म्हणत होती आणि रडत होती. मैंदर्गीच्या बाईपाशी आली तेव्हा तिला सकाळची गंमत आठवली असावी. रडता रडताच हसून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही तर विसरालच. पण मला तेवढं विसरू नका हं."

"बघते की," बाई म्हणाली.

पुजारी आणि ती अक्कलकोटच्या मोटारीने गेली. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो, कारण जत्रेची हकिगत सांगायला पुजाऱ्यांना कोणीतरी हवे होते. ते वाटभर बोलत होते, मधूनच संतापाने कानडीत जात होते.  मोटार हलताना बाईने भावाला विचारले की तो अंक टोपीत आहे ना. तो होता.

पुढच्या आठवड्यात वधूपिता आमच्या छापखान्यात आले. ती ओळ मी दिली नव्हती, असे त्यांनी शांतपणे सांगितले. त्यांचा मूळ मजकूर काढून पाहिला, खरेच नव्हती. संपादक अडचणीत आले की विनोद करीत. ते म्हणाले, "दुरुस्ती छापू का? गेल्या अंकात अनवधानाने निमंत्रण छापले गेले, तरी ते निमंत्रण समजू नये." वधूपित्याने छत्रीच्या मुठीवर बोट फिरवत यावर विचार केला, असे मला दिसले. मग ते म्हणाले, "नको. झालं ते झालं." जाताना त्यांनी पत्राची पुढच्या वर्षाची वर्गणी भरली. ओळ फळीवर होती तशीच राहिली आणि त्या आठवड्यातल्या सगळ्या निमंत्रणांखाली गेली.

त्या दिवाळीत त्यांच्याकडे भांडी घासणारी बाई फराळाचे ताट घेऊन आमच्या दारी आली होती. तिच्या अंगात नवी चोळी होती, जांभळी, लाल काठांची. माझ्या पत्नीने खण कुठला म्हणून विचारले. लग्नाच्या वेळी घरच्या बाईंनी ओटीतला काढून दिला, म्हणाली. फार मऊ आहे, म्हणाली.

काही वर्षांनी त्यांच्या मधल्या मुलीचे लग्न झाले. निमंत्रण आमच्याकडेच छापायला आले. मजकुराच्या तळाशी वधूपित्याने आपल्या वळणदार अक्षरात लिहिले होते, शेवटची ओळ घालू नये. ती घातली गेली नाही. थोरली मुलगी बार्शीहून आली होती, कडेवर मूल होते. मी पुन्हा मांडवाच्या तोंडाशी होतो. पहिली पंगत बसली तेव्हा तिने रांगेवरून नजर फिरवली आणि वडिलांना विचारले, "अण्णा, त्या मैंदर्गीच्या विसराळू मावशी नाही आल्या या खेपेला?"

वधूपित्याने हातातली अत्तराची कुपी बंद केली.

"बोलावणं राहून गेलं," ते म्हणाले. "अनवधानानं."

"अगबाई," ती म्हणाली, मूल माझ्या पत्नीच्या हाती दिले आणि पंगतीत तूप वाढायला गेली.